पीक पाचपट झाला, मग मोजमाप का सुधारलं नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३ मिलिमीटर व्यासाच्या ग्लासी कार्बन (काचेसारखा कडक कार्बन) इलेक्ट्रोडवर, फॉस्फेट बफरमध्ये, डिफरन्शिअल पल्स व्होल्टॅमेट्रीने (पोटेन्शिअल छोट्या झटक्यांनी बदलत करंट मोजण्याची पद्धत) तुम्ही बिस्फेनॉल ए, प्लॅस्टिकमधलं एक फिनॉल, मोजताय. पहिल्या स्कॅनला पीक, म्हणजे करंटच्या आलेखातलं शिखर, छान येतो, दुसऱ्याला निम्म्यावर उतरतो, तिसऱ्यानंतर त्याला पीक म्हणवत नाही. म्हणून वर मल्टीवॉल कार्बन नॅनोट्यूबचा थर दिलात. पीक पाचपट झाला, पण शोधमर्यादा (ओळखता येणारी सर्वात कमी संहती) होती तिथेच राहिली, आणि एकाच दिवशी बनवलेले दोन इलेक्ट्रोड एकमेकांशी जुळत नाहीत. आता पुढे काय घालावं, सोन्याचे नॅनोकण की ग्राफीन ऑक्साइड, असं तुम्ही विचारलंय.

सध्या काहीच घालू नका. जे घातलंय तेही आधी काढून ठेवा.

‘इलेक्ट्रोड सुधारायचा’ असं आपण म्हणतो तेव्हा निदान चार वेगवेगळ्या तक्रारी एकाच पोत्यात भरलेल्या असतात. एक, इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण मंद आहे, त्यामुळे पीक उशिरा आणि पसरट येतो. दोन, अभिक्रियेतून तयार झालेलं काहीतरी पृष्ठभागावर बसतं आणि इलेक्ट्रोड माखतो. तीन, बॅकग्राउंड करंट, म्हणजे संयुग नसतानाही वाहणारा करंट, इतका मोठा आहे की छोटा पीक त्यात बुडतो. चार, नमुन्यातलं दुसरंच संयुग त्याच पोटेन्शिअलला ऑक्सिडाइझ होतं. यातल्या एकीचा उपाय दुसरीच्या मुळावर येतो. तुमची मूळ तक्रार दुसरी होती, औषध दिलंत पहिलीचं, आणि त्यातून तिसरी वाढली.

हे आकड्यांत बघा, म्हणजे पटेल. नीट पॉलिश केलेल्या ग्लासी कार्बनची धारिता (भार साठवण्याची क्षमता) दर चौरस सेंटिमीटरला साधारण २० ते ३० मायक्रोफॅरड असते. तुमच्या इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एकूण दोनेक मायक्रोफॅरड. सेकंदाला १०० मिलिव्होल्ट या वेगाने सायक्लिक (पोटेन्शिअल वर नेऊन परत आणणारा) स्कॅन केला तर नुसता डबल लेअर, म्हणजे पृष्ठभागालगतचा भारांचा थर, चार्ज करायला ०.२ मायक्रोअँपिअर लागतात. आता वर १० मायक्रोग्रॅम नॅनोट्यूब बसल्या आणि त्यांची धारिता ग्रॅमला २० फॅरड धरली, तर झाले २०० मायक्रोफॅरड, आणि तोच करंट २० मायक्रोअँपिअरवर गेला. शंभरपट! याउलट १ मायक्रोमोलर बिस्फेनॉलचा केवळ विसरणातून (डिफ्यूजन) येणारा पीक त्याच वेगाला ढोबळमानाने ०.०२ मायक्रोअँपिअरचा. पल्स तंत्र चार्जिंगचा बराचसा भाग कापून टाकतं हे खरं, पण सगळा नाही. सच्छिद्र थर हळू चार्ज होतो, त्यामुळे पल्सच्या शेवटीही थोडा करंट वाहतच असतो. शोधमर्यादा ठरते ती कोऱ्या बफरच्या मोजमापातल्या चढउतारावर: त्याच्या प्रमाण विचलनाची तिप्पट, भागिले कॅलिब्रेशनचा चढ. चढ पाचपट आणि कोऱ्यातली थरथरही पाचपट, तर हाती काय लागलं? तुमचे आकडे नेमकं हेच सांगतायत. पीक किती उंच झाला हा प्रश्न सोडून द्या. कोऱ्याच्या मानाने किती उंच, आणि पुढच्या इलेक्ट्रोडवर तितकाच येतो का, एवढंच विचारा.

तर सुरुवात उघड्या इलेक्ट्रोडपासून. इथे मी रेंगाळणार आहे, कारण निम्मी दुखणी इथेच सापडतात.

पॉलिशिंगला ॲल्युमिना आपण १, ०.३ आणि ०.०५ मायक्रॉन अशा उतरत्या क्रमाने वापरतो. प्रत्येक दर्जाला कापड वेगळं हवं. एकाच कापडावर तिन्ही वापरली की शेवटच्या पायरीतही १ मायक्रॉनचे ओरखडे पडत राहतात. कापड ओलं हवं, इलेक्ट्रोड अगदी उभा धरायचा, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, आणि दाब हाताच्या वजनाइतकाच. जोर लावला की कडा गोल होतात आणि कार्बन व प्लॅस्टिकच्या आवरणामध्ये फट पडते. त्या फटीत द्रावण शिरलं की बॅकग्राउंड तिरका होतो आणि दर स्कॅनला बदलतो. अशा वेळी लोक बफर बदलतात, केबल बदलतात, आणि फट तशीच राहते. साध्या भिंगाखाली कडेला काळी रेघ दिसली तर कितीही पॉलिश करा, उपयोग नाही. पॉलिशनंतर शुद्ध पाण्यात थोडा वेळ सोनिकेट करा, नाहीतर ॲल्युमिनाचे कण पृष्ठभागावर रुतून राहतात आणि पुढची गंमत त्यांची असते, कार्बनची नाही.

धुतलेला इलेक्ट्रोड टेबलावर उघडा ठेवून जेवायला जाऊ नका. ग्राफाइटसारखे पृष्ठभाग हवेतली हायड्रोकार्बन फार पटकन ओढून घेतात. ताज्या पृष्ठभागावर पाणी पसरतं, आणि काही मिनिटांतच ते आखडून थेंबासारखं बसायला लागतं, इतका फरक पडतो. पॉलिश, धुणं, सेल, मोजमाप हे सलग झालं पाहिजे. रिचर्ड मॅक्रीरी यांच्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये एक सोपी युक्ती दाखवली होती: आयसोप्रोपेनॉलमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन घालून त्यात इलेक्ट्रोड सोनिकेट करायचा. द्रावकातली घाण कोळसा शोषून घेतो, आणि स्वच्छ झालेला द्रावक इलेक्ट्रोडवरची घाण काढतो. ज्या द्रावकाने आपण इलेक्ट्रोड धुतो तोच त्याला माखत असतो, हे तोवर फारसं कुणी लक्षात घेत नव्हतं.

आता हा उघडा इलेक्ट्रोड तपासायचा कसा? बहुतेक जण फेरिसायनाइड हा लोहाचा क्षार घेतात. घ्या, पण ते काय सांगतं हे समजून घ्या. कार्बनवर फेरिसायनाइड पृष्ठभागाच्या अवस्थेला फार संवेदनशील असतं. थोडी घाण, थोडा ऑक्साइड, आणि जाता-येतानाच्या दोन पीकमधलं अंतर बदलतं. म्हणून ते स्वच्छतेची परीक्षा घ्यायला चांगलं. रुथेनियम हेक्सअमाइनला मात्र पृष्ठभागाची फारशी पर्वा नसते. तिथे इलेक्ट्रॉन थेट उडी मारतो. म्हणून दोन्ही घ्या. रुथेनियमचं पीक-अंतर ६० ते ७० मिलिव्होल्टच्या आत आणि फेरिसायनाइडचं १५० च्या पुढे, तर वायरिंग आणि उपकरण ठीक आहे, पृष्ठभाग घाण आहे. दोन्हींचं अंतर वाढलेलं असेल तर सेलचा रोध, सैल जोडणी किंवा रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत पोटेन्शिअल मोजतो तो) बघा. रुथेनियमसाठी सेलमध्ये नायट्रोजन सोडून ऑक्सिजन घालवायला विसरू नका. पीकच्या उंचीचाही हिशेब करून बघा: १ मिलिमोलर फेरिसायनाइड, ३ मिलिमीटरचा इलेक्ट्रोड, १०० मिलिव्होल्ट प्रतिसेकंद, विसरणाच्या पीकची उंची सांगणाऱ्या रँडल्स-सेव्हचिक समीकरणाने १६ ते १७ मायक्रोअँपिअर यायला हवेत. १० आले तर इलेक्ट्रोडचा बराच भाग निष्क्रिय आहे. २५ आले तर तुमचं द्रावण किंवा तुमचा व्यास लिहिलाय तसा नाही.

याच समीकरणाचा उलटा वापर करून ‘थर दिल्यावर सक्रिय क्षेत्रफळ अमुक पट वाढलं’ असं लिहिण्याची जी रीत पडली आहे, तिच्यावर माझा अजिबात विश्वास नाही. सेकंदाला १०० मिलिव्होल्ट या वेगाला विसरणाचा थर काही दहा मायक्रॉन जाडीचा असतो. पृष्ठभागावरचे नॅनोमीटरचे खळगे-उंचवटे त्याला दिसतच नाहीत. त्याला दिसते फक्त वरून पडणारी सपाट सावली. खरं अंतर्गत क्षेत्रफळ धारितेत दिसतं. शिवाय थरात नाफिऑन हा पॉलिमर असेल तर त्यातले ऋणभारित सल्फोनेट गट फेरिसायनाइडला आतच येऊ देत नाहीत, आणि मग लोक ‘क्षेत्रफळ कमी झालं’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

मग तुमचा पीक पाचपट झाला तो कशामुळे? क्षेत्रफळामुळे नाही, हे वर आलंच. दोन शक्यता उरतात. नॅनोट्यूबच्या जाळीत द्रावण अडकून राहतं आणि त्यातलं बिस्फेनॉल पातळ थरातल्यासारखं एकदम जळतं. किंवा बिस्फेनॉल नॅनोट्यूबवर चिकटून साठतं. बेंझिनच्या दोन कड्या असलेला, पाण्याचा कंटाळा असलेला रेणू कार्बनला चिकटणार यात नवल नाही. पहिल्या शक्यतेबद्दल ऑक्सफर्डच्या रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने बरंच काम केलंय, आणि त्यातली मेख अशी की पातळ थरात पीक आपोआप अलीकडच्या पोटेन्शिअलला सरकतो. त्या सरकण्याला ‘इलेक्ट्रोकॅटॅलिसिस’ (पृष्ठभागाने अभिक्रिया वेगवान करणं) असं नाव देऊन कितीतरी लेख छापून आलेत. प्रत्यक्षात अभिक्रियेचा वेग तोच असतो, रेणू आणून देण्याची तऱ्हा बदललेली असते.

दोन्हींतला फरक ओळखायला महागडं उपकरण लागत नाही. इलेक्ट्रोड बिस्फेनॉलच्या द्रावणात पोटेन्शिअल न लावता दोन मिनिटं ढवळत ठेवा. बाहेर काढा, शुद्ध पाण्याने नीट धुवा, कोऱ्या बफरमध्ये बुडवा आणि तिथे स्कॅन घ्या. कोऱ्यातही पीक आला तर रेणू चिकटून आलाय. धुण्याचा वेळ वाढवल्यावर पीक पटापट घटत गेला तर तो जाळीत अडकलेल्या द्रावणाचा होता. टिकून राहिला तर खरं अधिशोषण. जोडीला स्कॅनचा वेग बदलून बघा: पीक करंटचा लॉग आणि वेगाचा लॉग यांच्या रेषेचा चढ ०.५ च्या आसपास असेल तर विसरण, १ च्या जवळ असेल तर अधिशोषण किंवा पातळ थर. मधलाच आकडा आला तर दोन्ही आहेत, आणि बहुधा मधलाच येतो.

तुमच्या बाबतीत मला अधिशोषणाची दाट शंका आहे. ते वाईट नाही. साठवून मोजणं ही जुनी, चांगली पद्धत आहे. पण ते ठरवून केलं पाहिजे: साठवण्याचा वेळ, ढवळण्याचा वेग आणि पोटेन्शिअल ठरलेलं हवं. तुम्ही सेल जोडेपर्यंत कधी अर्धा मिनिट घालवता, कधी तीन, आणि तेवढ्यात साठा बदलतो. दोन इलेक्ट्रोड जुळत नाहीत त्याचं हे एक कारण असू शकतं. दुसरं कारण थेंब वाळण्याचं. नॅनोट्यूबचा थेंब इलेक्ट्रोडवर वाळताना कण कडेला सरकतात, आणि सांडलेल्या कॉफीच्या डागासारखं काळं कडं तयार होतं. मधे विरळ, कडेला जाड. भिंगातून बघा, दिसेल. थेंब छोटा घ्या, वर काच उपडी घालून सावकाश वाळू द्या, आणि मुख्य म्हणजे विखुरलेलं द्रावण त्याच दिवशी सोनिकेट केलेलं घ्या. आणि हो, अधिशोषणाची जागा मर्यादित असते, त्यामुळे कॅलिब्रेशन वरच्या टोकाला वाकणारच. तिथे ‘दोन सरळ रेषा’ काढून वेळ मारून नेऊ नका.

नॅनोट्यूबबद्दल आणखी एक सावधगिरी. त्या बनवताना लोह, निकेल, कोबाल्ट वापरतात, आणि आम्लाने कितीही धुतल्या तरी थोडा धातू आत राहतोच. हायड्रॅझीनच्या ऑक्सिडेशनमध्ये नॅनोट्यूबचा म्हणून गाजलेला गुण त्यातल्या धातूच्या अशुद्धीचा होता, असं २००६ मध्येच दाखवलं गेलंय. बिस्फेनॉलला याचा फारसा फरक पडू नये, पण उद्या तुम्ही दुसरं संयुग घ्याल. आणि ‘पुढे काय घालावं’ या प्रश्नाला सर्वात खट्याळ उत्तर २०२० मध्ये मार्टिन पुमेरा आणि सहकाऱ्यांनी दिलं: त्यांनी ग्राफीन ऑक्साइडमध्ये पक्ष्यांची विष्ठा घालून भाजली आणि तयार झालेला माल साध्या ग्राफीनपेक्षा सरस उत्प्रेरक निघाला. चेष्टा होती, पण आकडे खरे होते. काहीही घाला, काहीतरी वाढतंच. वाढलं म्हणजे उपयोगी झालं असं नव्हे.

आता मूळ दुखण्याकडे, इलेक्ट्रोड माखण्याकडे. फिनॉलमधून इलेक्ट्रॉन काढला की फिनॉक्सी मूलक (फ्री रॅडिकल) तयार होतो. असे दोन मूलक भेटले की जोडले जातात, ती जोडी पुन्हा ऑक्सिडाइझ होते, साखळी वाढते, आणि शेवटी पृष्ठभागावर पातळ, चिवट, वीज न वाहणारा पॉलिमरचा पापुद्रा बसतो. म्हणजे तुमचा पीक स्वतःच्याच अभिक्रियेने स्वतःचा गळा आवळतो. नॅनोट्यूब घातल्याने हे थांबत नाही. माखायला जागा जास्त मिळते एवढंच, म्हणून पहिले काही स्कॅन बरे दिसतात.

याची मौज अशी की इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या आधीच्या पिढीला हा प्रश्नच नव्हता. यारोस्लाव्ह हेरॉव्स्की यांनी १९२२ मध्ये पोलॅरोग्राफी, व्होल्टॅमेट्रीचं मूळ रूप, सुरू केली ती टपकणाऱ्या पाऱ्यावर. थेंब माखेपर्यंत तो पडून जायचा आणि नवा कोरा थेंब यायचा. त्याच कामाला १९५९ चं नोबेल मिळालं. पण पारा धन पोटेन्शिअलला स्वतःच विरघळतो, म्हणून फिनॉल, अमाइन यांच्या ऑक्सिडेशनला तो निरुपयोगी. राल्फ ॲडम्स यांना १९५८ मध्ये हवा होता टपकणारा कार्बन इलेक्ट्रोड. तो जमला नाही, पण त्या खटपटीतून कार्बन पेस्ट निघाली: ग्राफाइटची पूड आणि खनिज तेल. पृष्ठभाग माखला की थोडी पेस्ट पुढे ढकलायची, कागदावर घासायची, झाला नवा इलेक्ट्रोड. कार्बनच्या बाबतीत आपण साठ-पासष्ट वर्षं या ना त्या रूपात पाऱ्याच्या थेंबाचीच जागा भरून काढतोय.

म्हणून तुमच्यासारख्या कामात माझा पहिला पर्याय पृष्ठभाग सुधारणं नाही, बदलणं. पेस्ट वापरायची तर वजनाने साधारण ७० भाग ग्राफाइट, ३० भाग तेल. खलात अर्धा तास घोटा आणि एक दिवस मुरू द्या. तेल वाढलं की बॅकग्राउंड शांत होतो पण इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण मंदावते. भरताना आत हवेचा बुडबुडा राहिला तर बॅकग्राउंडच सांगून टाकतो. एक पथ्य पाळा: बिस्फेनॉलचं मूळ द्रावण तुम्ही मिथेनॉलमध्ये करत असाल, तर सेलमध्ये मिथेनॉल एक-दोन टक्क्यांवर जाऊ देऊ नका, ते तेल धुऊन नेतं. पेस्टचा पसारा नको असेल तर मेकॅनिकल पेन्सिलची शिसं आहेत. ग्राफाइट, चिकणमाती किंवा पॉलिमर यांचं मिश्रण ते. एकाच पाकिटातली शिसं एकमेकांशी बऱ्यापैकी जुळतात, वेगवेगळ्या बनावटीची मुळीच नाही, तेव्हा एकच धरा. दर मोजमापाला नवं शिस आणि बुडण्याची लांबी कटाक्षाने तीच. त्यासाठी बाजूने इन्सुलेट करून फक्त तळ उघडा ठेवलेला बरा.

स्क्रीन प्रिंटेड (कार्बनच्या शाईने पट्टीवर छापलेले) इलेक्ट्रोडही चांगले, पण पाकिटातून काढून तसेच वापरू नका. शाईतला बाइंडर कार्बनच्या कणांवर पातळ थर धरून बसलेला असतो. बफरमध्येच १.२ ते १.५ व्होल्टवर मिनिटभर ठेवलं की तो बराचसा निघतो आणि पीक टोकदार होतो. दोन गोष्टी मात्र तिथे फसवतात. छापलेल्या पट्टीचा रोध शेकडो ओहमचा असू शकतो, त्यामुळे पीक सरकतो. आणि रेफरन्स म्हणून चांदीची नुसती पट्टी असते. तिचं पोटेन्शिअल द्रावणातल्या क्लोराइडवर ठरतं, क्लोराइड दहापट बदललं की जवळपास ५९ मिलिव्होल्टने हलतं. खऱ्या नमुन्यात पीक अलीकडे आला म्हणून हुरळून जाण्याआधी क्लोराइड मोजा. बफरमध्येच ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड घातलं की हा प्रश्न मिटतो.

तोच इलेक्ट्रोड वापरायचा हट्ट असेल तर माखणं कमी करता येतं, थांबवता येत नाही. मूलक एकमेकांना भेटल्याशिवाय पॉलिमर होत नाही, त्यामुळे संहती कमी ठेवली की माखणं प्रमाणाबाहेर कमी होतं. ५० मायक्रोमोलरला जो इलेक्ट्रोड दोन स्कॅनमध्ये मरतो तो १ मायक्रोमोलरला बराच वेळ तग धरतो. नमुना पातळ करणं हा उपाय कुणाला सुचत नाही, कारण तो छापण्यासारखा नाही. स्कॅनची खिडकी अरुंद ठेवा, पीक ०.५५ ला असेल तर ०.३ ला सुरू करून ०.७५ ला थांबा, उगाच १.२ पर्यंत धावू नका. पीक नेमका कुठे येतो ते पीएचवर ठरतं. जितके इलेक्ट्रॉन तितकेच प्रोटॉन जात असतील तर पीएच एकाने वाढला की तो ५९ मिलिव्होल्टने अलीकडे येतो, म्हणून बफर कमकुवत असेल तर पीकही डुलत राहतो.

मेंदूतलं डोपामिन मोजणाऱ्यांनी हाच प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. ते ७ मायक्रॉनच्या कार्बन तंतूवर सेकंदाला ४०० व्होल्ट वेगाने, उणे ०.४ पासून १.३ व्होल्टपर्यंत स्कॅन करतात. वरचं टोक १.३ वर नेलं की दर वेळी कार्बनचा अगदी बारीक थर झिजतो आणि इलेक्ट्रोड स्वतःच साफ होत राहतो. बॅकग्राउंड प्रचंड असतो, पण तो दर स्कॅनला तंतोतंत तोच असल्यामुळे वजा करता येतो. मोठा पण स्थिर बॅकग्राउंड चालतो. तुमच्या नॅनोट्यूबचा बॅकग्राउंड मोठा आहेच, वर हलताही आहे, आणि खरी अडचण त्या हलण्याची आहे.

हाताशी बोरॉन डोप केलेल्या, म्हणून वीज वाहणाऱ्या, हिऱ्याचा इलेक्ट्रोड असेल तर भाग्यवान आहात. पाण्यात ३ व्होल्टहून रुंद खिडकी, ग्लासी कार्बनपेक्षा कितीतरी कमी धारिता. फिनॉलने तोही माखतो, हे जाहिरातीत सांगत नाहीत. फरक एवढाच की बफरमध्ये २ व्होल्टच्या वर थोडा वेळ नेला की हायड्रॉक्सिल मूलक तयार होऊन पापुद्रा जळून जातो आणि हिऱ्याला काही होत नाही. ग्लासी कार्बनचं तेच केलं तर पृष्ठभाग ऑक्साइडने फुगतो. मात्र धन बाजूला साफ केलेला हिरा ऑक्सिजनयुक्त असतो आणि ऋण बाजूला साफ केलेला हायड्रोजनयुक्त, आणि दोघांवर एकच संयुग वेगळं वागतं. दर मोजमापाआधी उपचार एकच ठेवा आणि वहीत लिहा.

ग्लासी कार्बनला मुद्दाम ॲनोडाइझ करणं, म्हणजे १.५ ते १.८ व्होल्टवर मिनिटभर ठेवून मग बॅकग्राउंड स्थिर होईपर्यंत स्कॅन करणं, हा डोपामिनसारख्या धनभारित रेणूंसाठी उत्तम आणि जवळजवळ फुकटचा उपाय आहे. पृष्ठभागावर आलेले ऑक्सिजनचे गट डोपामिन ओढून घेतात, आणि शरीरात त्याच्या कितीतरी पट असणारं ॲस्कॉर्बेट, जे पीएच ७.४ ला ऋणभारित असतं, त्याचा पीक वेगळा पडायला मदत होते. नाफिऑनही तेच काम भाराच्या जोरावर करतं. बिस्फेनॉल तटस्थ पीएचला भाररहित असतं, त्यामुळे या दोन्हींचा तुम्हाला तसा फायदा नाही. एका रेणूवर जमलेला उपाय दुसऱ्यावर उचलून लावण्याआधी भार आणि पीकेए (रेणू कुठल्या पीएचला प्रोटॉन सोडतो ते सांगणारा आकडा) बघायची सवय लावा.

चौथी तक्रार, म्हणजे नमुन्यातली इतर फिनॉल. ती कार्बनच्या कुठल्याही रूपाने सुटणार नाही. त्या सगळ्यांचे पीक त्याच पट्ट्यात येतात. ठसा घेतलेला पॉलिमर (हव्या त्या रेणूच्या आकाराच्या पोकळ्या असलेला) वापरून बघू शकता, पण शेजारी ठसा न घेतलेला तोच पॉलिमर तपासल्याशिवाय त्याच्या निवडकतेबद्दल एक अक्षर लिहू नका. नाहीतर आधी नमुन्यातून वेगळं काढा आणि मग मोजा. त्यात कमीपणा काही नाही.

तुमच्या जागी मी असतो तर या क्रमाने गेलो असतो. आधी उघड्या ग्लासी कार्बनवर फेरिसायनाइड आणि रुथेनियमची परीक्षा. मग नवीन पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर फक्त पहिला स्कॅन, असे निदान सात-आठ वेळा, एकाच संहतीला. पहिले स्कॅन एकमेकांशी जुळले तर पद्धत आहे, फक्त पृष्ठभाग दर वेळी नवा हवा. मग तेच पेन्सिलच्या शिसांवर किंवा स्क्रीन प्रिंटवर, एक इलेक्ट्रोड एक मोजमाप. त्यानंतर दोन मिनिटं ढवळून साठवण. एवढं करून शोधमर्यादा कमी पडली तरच कार्बन ब्लॅक (काजळीसारखी कार्बनची पूड) किंवा नॅनोट्यूब, आणि तेही मात्रा चढती ठेवून: दर मात्रेला पीक आणि कोऱ्याची थरथर दोन्ही लिहायचं, आणि जिथे त्यांचं गुणोत्तर घसरायला लागतं तिथे थांबायचं. ती मात्रा बहुतेक लोक घालतात त्यापेक्षा बरीच कमी निघते. शोधमर्यादा प्रत्यक्ष कोऱ्यांवरून काढा, दर कोरा नव्या इलेक्ट्रोडवर घेऊन. एकाच इलेक्ट्रोडवर दहा वेळा घेतलेला कोरा फार सभ्य वागतो. आणि खऱ्या नमुन्यात कॅलिब्रेशनची रेषा बफरमधली वापरू नका. नमुन्यातच प्रमाणित द्रावण टप्प्याटप्प्याने मिसळून मोजा, कारण तिथली प्रथिनं आणि साबणासारखे रेणू त्याच जागांसाठी भांडत असतात.

हे सगळं करून कोऱ्या बफरलाच छोटा पीक दिसायला लागला, तर इलेक्ट्रोडला दोष देऊ नका. बिस्फेनॉल पॉलिकार्बोनेटमधून आणि इपॉक्सीच्या लेपातून पाण्यात उतरतं. बफर कशात ठेवलंय, पिपेटचं टोक कशाचं आहे, सेलचं झाकण कशाचं आहे ते आधी बघा, आणि शक्य तिथे काच वापरा.